जेट, कान आणि लॅम्बडा : कार्ब्युरेटर ट्यूनिंगचा वाद आज कुठे आहे

चाकणच्या एमआयडीसीतून आज बाहेर पडणाऱ्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंधन किती सोडायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. तरी भोसरीच्या गल्ल्यांत, निगडीत, तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या गॅरेजांत कार्ब्युरेटर अजून उघडले जातात. कुठे रॅलीसाठी तयार केलेली जुनी जिप्सी असते, कुठे जपून ठेवलेली पद्मिनी, कुठे आरएक्स १००. आणि कार्ब्युरेटरच्या काळातल्या पल्सर तर पुष्कळच. या गाड्यांभोवती चालणारी चर्चा तीन प्रश्नांभोवती फिरते. जोर काढायचा असलेल्या इंजिनाला कार्ब्युरेटर केवढा लावावा? त्याचं सेटिंग कशावरून ठरवावं, कानावरून की मीटरवरून? आणि मुळात तो ठेवावा की काढून इंजेक्शन बसवावं? गेल्या काही वर्षांत यात चौथा प्रश्न आला आहे, तो इथेनॉलचा; त्याने आधीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं पुन्हा तपासायला लावली आहेत.

या वादात भांडणारे दोघं पुष्कळदा आपापल्या गाडीपुरते बरोबर असतात. त्यांच्या गाड्या वेगळ्या उंचीवर, वेगळ्या ऋतूत आणि वेगळ्या पेट्रोलवर लावलेल्या असतात, एवढंच त्यांनी एकमेकांना सांगितलेलं नसतं.

मागचा रस्ता

पेट्रोल बारीक छिद्रातून हवेच्या झोतात फवारायची कल्पना विल्हेल्म मायबाखने १८९३ मध्ये प्रत्यक्षात आणली. त्याआधी हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेऊन जमेल तेवढी वाफ उचलायची, असा कारभार होता. पुढे दोन घराणी झाली. एकात व्हेंच्युरीचा गळा ठरलेला आणि इंधनाचं माप जेट बदलून धरायचं. सोलेक्स, वेबर, होली ही नावं त्या घराण्यातली. एदोआर्दो वेबरने बोलोन्यात १९२३ मध्ये काम सुरू केलं आणि त्याच्या नावाचे दुहेरी गळ्याचे कार्ब्युरेटर पुढे शर्यतीच्या गाड्यांची ओळख बनले. दुसऱ्या घराण्यात गळाच लहानमोठा होतो. ब्रिटिश एसयू आणि मोटरसायकलींवरचे सीव्ही कार्ब्युरेटर त्यातले. तिथे पिस्टन निर्वाताने वर उचलला जातो आणि त्याला लटकलेली निमुळती निडल इंधनाची वाट मोकळी करते.

आपल्याकडे कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीवर सोलेक्स होता, बजाजच्या स्कूटरवर स्पाको, यामाहा आरएक्स १०० वर मिकुनी. खुद्द चाकणमध्ये केहिन एफआयईचा कारखाना दुचाकींचे कार्ब्युरेटर बनवत आला. म्हणजे या पट्ट्यात कार्ब्युरेटर नुसता दुरुस्त होत नव्हता, हजारोंनी तयारही होत होता. त्यामुळे इथल्या मेकॅनिकांच्या बोलण्यात जेटचे नंबर सहज येतात आणि एखाद्या कारखान्यातून निवृत्त झालेला तपासनीस पुढच्या चौकातच भेटू शकतो.

चारचाकींचं चित्र मात्र एका फटक्यात बदललं. २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो नियमांची मुदत अलीकडे ओढली आणि कंपन्यांना घाईने मल्टिपॉइंट इंजेक्शनकडे जावं लागलं. पिंपरीत बनणाऱ्या टाटा इंडिकाची पेट्रोल आवृत्तीही सुरुवातीला कार्ब्युरेटरवरच होती. एस्टीम कार्ब्युरेटरवर ६५ अश्वशक्ती देत होती, इंजेक्शनवर ८५ देऊ लागली. हा आकडा इंजेक्शनच्या बाजूचा पुरावा म्हणून आजही फेकला जातो. पण त्याच बदलात इंजिन ८ व्हॉल्व्हचं १६ व्हॉल्व्हचं झालं होतं. वीस अश्वशक्तींतल्या किती इंजेक्शनच्या आणि किती वाढीव व्हॉल्व्हच्या, हे त्या तुलनेतून कळत नाही.

कार्ब्युरेटर नक्की काय मोजतो

ट्यूनिंगचे वाद समजायला आधी कामाची वाटणी पाहावी लागते. थ्रॉटल बंद असताना आणि पहिल्या चतुर्थांशापर्यंत पायलट जेट आणि एअर किंवा मिक्श्चर स्क्रूचं राज्य असतं. मधल्या पट्ट्यात निडलचा निमुळतेपणा आणि तिची क्लिप कोणत्या खाचेत आहे ते महत्त्वाचं. तीन चतुर्थांशाच्या पुढे मेन जेट. ठरलेल्या गळ्याच्या कार्ब्युरेटरला निडल नसते. तिथे मधला पट्टा मेन जेट, एअर करेक्टर आणि इमल्शन ट्यूब मिळून सांभाळतात. या सगळ्यांच्या मुळाशी फ्लोट लेव्हल. ती एखाददुसरा मिलिमीटर चुकली तर वरचे सगळे टप्पे एकदम सरकतात. म्हणून जुने मिस्त्री स्क्रूला हात लावण्याआधी फ्लोट बघतात आणि नवशिके जेट बदलत बसतात.

जेटच्या नंबरांतही एक खड्डा आहे. केहिनचा नंबर साधारणपणे छिद्राचा व्यास शतांश मिलिमीटरमध्ये सांगतो. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटचा नंबर प्रवाहावरून दिलेला असतो. एकाचा १२० म्हणजे दुसऱ्याचा १२० नव्हे. व्यासाच्या मापात १२० चा १२५ केला की छिद्राचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. ‘पाच नंबर वाढवले’ ऐकायला किरकोळ वाटतं, इंजिनाला ते किरकोळ नसतं.

खरी मेख हवेच्या घनतेत आहे. कार्ब्युरेटर हवेचं वजन मोजत नाही, गळ्यात पडणारा दाब तेवढा जाणतो. हवा विरळ झाली की इंजिनात जाणारी हवा घनतेच्या प्रमाणात घटते, पण ओढलं जाणारं पेट्रोल घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतं. उरलेला फरक मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, करतो. प्रमाण वातावरणाच्या हिशेबाने, समुद्रसपाटीला नेमकं लावलेलं सेटिंग चाकणला, म्हणजे सुमारे सहाशे मीटरवर, तीनेक टक्के रिच होतं. महाबळेश्वरला सात टक्के. लडाखला निघालेल्या आपल्या मुलांची कार्ब्युरेटरची मोटरसायकल खारदुंगलाच्या ५३५९ मीटरवर काळा धूर टाकते आणि चढ घेत नाही, कारण तिथे हाच हिशेब तीस टक्क्यांच्या वर जातो. तापमानाचंही तेच. १५ अंशांना लावलेली गाडी एप्रिलच्या दुपारी ४० अंशांत चार टक्के रिच चालते आणि जानेवारीच्या पहाटे १० अंशांत एक टक्का लीन, म्हणजे पेट्रोल कमी. सीव्ही कार्ब्युरेटरचा पिस्टन घनतेनुसार थोडा कमीजास्त उचलत असल्याने त्याच्यात हा परिणाम काहीसा सौम्य असतो, पण जात नाही.

केवढा लावावा

मोठा कार्ब्युरेटर म्हणजे जास्त ताकद, हा समज जितका पक्का तितकाच अर्धा आहे. १.३ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. ६००० आरपीएमला, भरणक्षमता ८५ टक्के धरली, तर ते सेकंदाला साधारण ५५ लिटर हवा ओढतं. एकाच २८ मिलिमीटर गळ्यातून ही हवा सेकंदाला नव्वद मीटरच्या आसपास वेगाने जाईल, ३४ मिलिमीटरमधून साठच्या. वेग कमी म्हणजे अडथळा कमी, म्हणून वरच्या आरपीएमला ३४ जिंकणार. पण २५०० आरपीएमला त्याच मोठ्या गळ्यात वेग पंचवीसवर उतरतो, पेट्रोलचे थेंब नीट फुटत नाहीत, आणि अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर श्वास धरून बसते. या फ्लॅट स्पॉटवर उपाय म्हणून अॅक्सिलरेटर पंपाची पिचकारी वाढवली जाते, आणि मग अॅव्हरेजची तक्रार सुरू होते.

सरळ धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतीत गाडी खालच्या आरपीएमला फारशी येतच नाही, म्हणून तिथला माणूस मोठा गळा मागतो आणि ते बरोबरच आहे. नाशिक किंवा पुण्याच्या परिसरातल्या कच्च्या रस्त्यांवर रॅली चालवणाऱ्याला वळणातून बाहेर पडताना लगेच ओढ हवी, त्याचं गणित निराळं. रोज मोशीच्या गर्दीतून जाणाऱ्याने तर लहान गळ्यालाच चिकटून राहावं, असं माझं मत आहे. पण कार्ब्युरेटरचा आकार ही मिरवायची गोष्ट झाल्यापासून हे कुणाच्या गळी उतरत नाही.

एक मोठा की प्रत्येक सिलिंडरला एक, हा उपवाद जुना आहे. दुहेरी गळ्याच्या वेबर डीसीओईच्या जोडीत चार सिलिंडरला चार गळे मिळतात. हवा एकमेकांची चोरली जात नाही आणि प्रत्येक सिलिंडरला जवळपास सारखं मिश्रण मिळतं. वेबरवाल्यांचा ढोबळ नियम असा की गळ्याचा मिलिमीटरमधला आकडा गुणिले चार म्हणजे मेन जेट, आणि त्यात पन्नास मिळवले की एअर करेक्टर. ३४ च्या गळ्याला १३५ च्या आसपास सुरुवात करायची. हा नियम सुरुवातीपुरता आहे हे तो सांगणारेही मान्य करतात. बदल्यात दोन्ही कार्ब्युरेटर एकत्र उघडतील असं सिंक्रोनायझेशन सतत राखावं लागतं. दोरी किंवा लिंकेज जरा झिजलं की आयडलिंग डगमगतं.

एकसिलिंडरी मोटरसायकलीत आकाराचं कोडं आणखी मजेशीर होतं. दोनशे सीसीच्या इंजिनाला तीस मिलिमीटरच्या वरचा कार्ब्युरेटर आणि तेराशे सीसीच्या मोटारीलाही जवळजवळ तेवढाच गळा, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पण एकाच सिलिंडरमध्ये हवा सलग येत नाही. चार स्ट्रोकांतल्या एकातच ती एका दमात ओढली जाते, म्हणून गळ्याला सरासरीपेक्षा कितीतरी मोठा झोत झेलावा लागतो. मोटारीचे तक्ते मोटरसायकलीला लावून फसणारे इथेच फसतात.

कान, प्लग आणि मीटर

दुसरा वाद पद्धतीचा. एका बाजूला कान. इंजिन गरम करायचं, मिक्श्चर स्क्रू हळूहळू फिरवत आयडलिंग सर्वांत उंच होईल तिथे थांबायचं, मग आरपीएम खाली घ्यायचे. ही पद्धत आयडलिंगपुरती आजही चोख आहे. अनुभवी मेकॅनिक मिसिंग लीनचं आहे की रिचचं हे आवाजावरून ओळखतो. लीन असेल तर सायलेन्सरमधून फटाके, रिच असेल तर घोगरा, अडखळता आवाज. हे ज्ञान खोटं नाही आणि त्याची टिंगल करणाऱ्यांनी कधी कोपऱ्यावरच्या गॅरेजात तासभर बसावं.

त्याला जोड प्लगच्या रंगाची. पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवायची, इंजिन बंद करून क्लच दाबायचा, थांबून प्लग काढायचा. विटकरी म्हणजे ठीक, काळा म्हणजे रिच, पांढरा म्हणजे लीन. अडचण अशी की ही रंगांची भाषा शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात पक्की झाली, आणि भारतात शिसं २००० च्या फेब्रुवारीत सगळीकडून गेलं. शिशाचे क्षार प्लगच्या चिनी मातीवर जो रंग चढवत, तो आता चढत नाही. आज चांगला लावलेला प्लगही पुष्कळदा फिकट दिसतो. खरी खूण आत, चिनी मातीच्या बुडाशी दिसणाऱ्या बारीक काजळीच्या कड्यात असते आणि ती भिंगाशिवाय दिसत नाही. जुन्या नियमाने फिकट प्लगला लीन म्हणणारा माणूस त्यामुळे विनाकारण जेट वाढवत जातो.

दुसऱ्या बाजूला मोजमाप. वाइडबँड लॅम्बडा सेन्सर सायलेन्सरच्या नळीत बसवला की प्रत्येक आरपीएमला, प्रत्येक थ्रॉटलला मिश्रण काय आहे ते आकड्यात दिसतं. पेट्रोलचं रासायनिक संतुलन वजनाने हवा १४.७ ला पेट्रोल १. जास्तीत जास्त ताकद साधारण १२.५ ते १३ च्या दरम्यान मिळते, म्हणजे लॅम्बडा (प्रत्यक्ष प्रमाण भागिले संतुलनाचं प्रमाण) ०.८५ ते ०.८८, अॅव्हरेज १ च्या जरा वर. चासी डायनोवर गाडी चढवली की ताकदही दिसते. या पद्धतीच्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा हा की कानाला पूर्ण थ्रॉटलवरचा लीनपणा ओळखू येत नाही. गाडी उलट चपळ वाटते, आणि पिस्टनला भोक पडतं तेव्हाच कळतं. टू-स्ट्रोकमध्ये तर पेट्रोलबरोबरच तेल आत येतं. लीन म्हणजे वंगणही कमी.

पण मीटरवाल्यांची बाजूही निर्दोष नाही. एकाच नळीत सेन्सर असला तर तो चार सिलिंडरची सरासरी दाखवतो. एक लीन आणि एक रिच असेल तरी आकडा सुंदर येतो. मिसिंग झालं की न जळलेला ऑक्सिजन सेन्सरला लीन भासतो, आणि मेकॅनिक आधीच रिच असलेलं मिश्रण आणखी रिच करतो. डायनोवरचा पंखा रस्त्यावरच्या वाऱ्याइतका वारा देत नाही, म्हणून तिथलं सेटिंग रस्त्यावरच्या हवेत बदलू शकतं. शिवाय अचानक उघडलेल्या थ्रॉटलचा तो अर्धा सेकंद, जो चालवणाऱ्याला सर्वांत जास्त जाणवतो, तो डायनोच्या सलग आलेखात जवळजवळ दिसतच नाही. तिथे अजून माणसाचा पाय आणि कानच निवाडा करतात. जाणते लोक आज दोन्ही वापरतात : मेन जेट मीटरवर, पंप आणि पायलट चालवून. मला हीच वाट शहाणपणाची वाटते, पण दोन्ही पद्धतींचे निष्कर्ष विरुद्ध निघाले तर कोणता मानायचा यावर एकमत नाही.

ठेवायचा की काढायचा : चाकणचा पुरावा

कार्ब्युरेटर विरुद्ध इंजेक्शन हा वाद जगभर आहे, पण एकाच कारखान्याच्या आवारात त्याची दोन्ही उत्तरं तयार झाली, असं उदाहरण चाकणइतकं ठळक क्वचित सापडेल. बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० डीटीएस-एफआय आणली. इंजेक्शन असलेली ती पहिली पल्सर. ताकद २० पीएस. दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, त्याच नावाची गाडी पुन्हा कार्ब्युरेटरवर आली. किंमत उतरली आणि ताकद २१ पीएसवर गेली. त्याच वर्षी हिरो होंडाने करिझ्मा झेडएमआर इंजेक्शनवर आणली. एक कंपनी पुढे गेली आणि एक मागे, असं तेव्हा लिहिलं गेलं. खपाच्या दृष्टीने ‘मागे’ गेलेली गाडीच लोकांनी डोक्यावर घेतली.

मग २०१२ साल. बजाजच्या चाकणच्या कारखान्यातूनच केटीएम ड्यूक २०० इंजेक्शनवर आणि पल्सर २००एनएस कार्ब्युरेटरवर निघाली. दोन्ही १९९.५ सीसी, बोअर-स्ट्रोक एकच, ७२ गुणिले ४९ मिलिमीटर. ड्यूक २५ पीएस, एनएस २३.५. वरवर पाहता प्रयोगशाळेतली तुलना. पण ड्यूकला दोन कॅमशाफ्ट, एनएसला एक. एनएसला तीन प्लग, ड्यूकला एक. पुन्हा एस्टीमसारखंच : दीड पीएसचा फरक इंधनप्रणालीच्या खात्यावर टाकता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि एनएस २०० इंजेक्शनवर गेली, ताकद २४.५ पीएस. २२० सुद्धा परत इंजेक्शनवर. या एका पीएसच्या वाढीतही बीएस-६ साठी केलेले इतर बदल मिसळलेले आहेत.

यातून जे ठाम म्हणता येतं ते एवढंच. एका ठरलेल्या उंचीला, ठरलेल्या हवेत, पूर्ण थ्रॉटलवर नीट लावलेला कार्ब्युरेटर इंजेक्शनच्या फार मागे नसतो, कधी पुढेही असतो. पेट्रोल दूरवरून येताना वाफ होऊन आत येणारी हवा गार करतं हा त्याचा छोटा फायदाही आहे. इंजेक्शन जिंकतं ते परिस्थिती बदलली की. थंडीत सुरू होणं, घाट, विरळ हवा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला लागणारं काटेकोर मिश्रण. मधला मार्गही निघाला : बजाजच्या काही कम्यूटर गाड्यांनी बीएस-६ मध्ये इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटर वापरला. शर्यतीच्या इंजिनांसाठी त्याचा उपयोग कुणी गांभीर्याने तपासल्याचं चित्र नाही, आणि ही उणीव मला खटकते.

जुन्या गाड्यांवर इंजेक्शन चढवावं का, इथे मतं आणखी दुभंगतात. चढवणारे म्हणतात, एकदा ईसीयूत इंधनाचा नकाशा बनवला की पुण्यात लावा, लेहला चालवा. विरोधकांचा आक्षेप मूळपणाचा. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते ती गाडी मूळ स्वरूपात असेल तरच. म्हणजे इंजेक्शन बसवलेली पद्मिनी चालेल छान, पण व्हिंटेजच्या रांगेत उभी राहील की नाही हा प्रश्नच.

कायद्याची चौकट

मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांनी निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्धचे बदल बंद केले. शर्यतीपुरती, बंदिस्त जागेत चालणारी गाडी वेगळी. रस्त्यावरच्या गाडीला मोठा कार्ब्युरेटर लावणं या चौकटीत बसत नाही. मोठा कार्ब्युरेटर आणि बदललेला जेट यांत कायदा कुठे रेघ मारतो, यावर मात्र गॅरेजांत वेगवेगळी उत्तरं मिळतात.

पीयूसीची गंमत तांत्रिक आहे. चाचणी आयडलिंगवर होते. २००० पूर्वीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के चालतो, एप्रिल २००० नंतरच्या जुन्या दुचाकीला ३.५. पूर्ण ताकदीच्या मिश्रणात तो चार-पाच टक्क्यांच्या घरात जातो. पण ते मेन जेटचं काम, आणि मेन जेट चाचणीत बोलतच नाही. फक्त पायलट आणि स्क्रू तपासले जातात. त्यामुळे भयंकर रिच गाडी पीयूसी पास होते, आणि नीट लावलेली पण मोठा कॅम बसवलेली गाडी आयडलिंगला डगमगते म्हणून नापास.

इथेनॉल

इथे चर्चा खरी तापलेली आहे, आणि महाराष्ट्राला ती दोन्हीकडून भिडते. उसाचं इथेनॉल आपलं, गाड्याही आपल्या. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते. त्याचं संतुलन ९ ला १. वीस टक्के मिश्रणाचं संतुलन साधारण १३.५ वर येतं. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीइतकंच इंधन सोडतो आणि मिश्रण शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत आठ टक्के लीन होतं. ई-१०, म्हणजे दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर लावलेल्या गाडीसाठी हा फरक चार-साडेचार टक्के. जेटच्या भाषेत, शुद्ध पेट्रोलवर १२० असलेल्याला व्यासाच्या मापात १२५ लागेल.

आता आधीचे हिशेब यात मिळवा. समुद्रसपाटीला शुद्ध पेट्रोलवर लावलेली गाडी चाकणला ई-२० वर : उंचीचे तीन टक्के रिच, इंधनाचे आठ टक्के लीन, निव्वळ पाच लीन. एप्रिलच्या दुपारी त्यातले चार टक्के उष्णता परत देते, गाडी जवळपास ठीक. जानेवारीच्या पहाटे सहा टक्के लीन. एकच गाडी, एकच जेट. ‘ई-२० ने काही होत नाही’ म्हणणारा आणि ‘इंजिनाची वाट लागली’ म्हणणारा, दोघांचे अनुभव यात बसतात. हा माझा कागदावरचा हिशेब आहे. इंधनाची वाढलेली घनता आणि चिकटपणा, फ्लोटवरचा त्याचा परिणाम यांनी एखाददुसरा टक्का इकडेतिकडे होईल.

पाच-सहा टक्के लीन म्हणजे नुकसान किती, यावर दोन बाजू आहेत. एक म्हणते, लॅम्बडा ०.८७ चा ०.९२ झाला तरी ताकदीचा आलेख तिथे सपाट असतो आणि इथेनॉलचं ऑक्टेन जास्त, बाष्पीभवनात ते उष्णताही पेट्रोलच्या दुपटीहून अधिक शोषतं, त्यामुळे नॉकिंगचा धोका उलट घटतो. मुद्दा खरा आहे. दुसरी बाजू म्हणते, हे पूर्ण थ्रॉटलचं झालं. क्रूझिंगला आधीच १ च्या वर लावलेलं मिश्रण आणखी लीन होऊन अडखळतं, आणि थंड सकाळी तीच उष्णता शोषण्याची सवय गाडी सुरू होऊ देत नाही. तोही खरा. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्याने ई-० साठी बनून ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींत ई-२० वर इंधनक्षमता ६ ते ७ टक्के घटेल असं म्हटलं होतं, तशाच दुचाकींत ३ ते ४.

रबर आणि धातूंवर फारसा वाद नाही. जुने नायट्राइल रबर, कॉर्कचे गॅस्केट, जस्ताच्या ओतीव बॉडी यांना इथेनॉल मानवत नाही. पाणी शिरलं की ते इथेनॉल घेऊन तळाला बसतं आणि फ्लोट चेंबरमध्ये पांढरा थर जमतो. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या शर्यतीच्या गाडीचा टँक आणि चेंबर रिकामा करून ठेवावा, हे आता दोन्ही बाजू सांगतात.

मीटरवाल्यांसाठी इथे एक सापळा आहे. त्यांचा डायल एअर-फ्युएल रेशोमध्ये, पेट्रोलच्या पट्टीवर आखलेला असतो. ई-२० भरलं तरी डायल १२.८ दाखवतो तेव्हा तो प्रत्यक्षात लॅम्बडा ०.८७ सांगत असतो. खरा वजनी रेशो १२ च्या खाली असतो. वाचायचा लॅम्बडाच. पण दोन गॅरेजांनी आपापले आकडे एकमेकांना सांगताना कोणती पट्टी हे क्वचित नोंदवलं जातं.

अजून मोकळं

जुन्या कार्ब्युरेटर गाड्यांसाठी ई-२० ला धरून जेटचा तक्ता कुणी द्यायचा, हे ठरलेलं नाही. निर्मात्यांच्या दृष्टीने त्या गाड्या उत्पादनातून गेल्या. पुण्यात एआरएआय १९६६ पासून आहे, चाकणमध्ये तिचं केंद्र आहे, भोसरीत सीआयआरटी. डायनो, गॅस अॅनालायझर, उंची आणि तापमानाची नक्कल करणाऱ्या सोयी या पट्ट्यात आहेत, पण त्यांचं काम मुख्यतः नव्या गाड्यांच्या प्रमाणनाचं. दुसरीकडे गॅरेजांकडे अनुभवाचा ढीग आहे आणि तो कुठे लिहिलेला नाही : कोणत्या गाडीला कोणत्या महिन्यात कोणता जेट चालला, त्या दिवशी तापमान किती होतं, पंपावर कोणतं मिश्रण होतं. पंपावरचं मिश्रण वीसवरच थांबणार की पुढे जाणार, यावरही जेटचा पुढचा नंबर अवलंबून आहे. लीन चाललेल्या कार्ब्युरेटर इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन पन्नास हजार किलोमीटरनंतर कसे दिसतात, याचं उत्तर द्यायला एकाच मॉडेलच्या काही गाड्या जेट बदलून आणि काही न बदलता, एकाच रस्त्यावर, दोन-तीन वर्षं चालवाव्या लागतील. आकुर्डी ते चाकण या अंतरात ते करू शकणारी माणसं आणि यंत्रं दोन्ही आहेत.